सपाट नेटवर्कचे सहा भाग करताना: कामाच्या नोंदी

शनिवार, १० जानेवारी

आमच्या नेटवर्कचे भाग पाडायचं हे काम निघालं ते कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमुळे. डिसेंबरमध्ये फायरवॉलचा, म्हणजे नेटवर्कची ये-जा रोखणाऱ्या यंत्राचा, लॉग चाळताना दिसलं की रेकॉर्डर रात्रभर बाहेरच्या हजारो पत्त्यांवर पोर्ट २३ ठोठावतोय. पोर्ट २३ म्हणजे टेलनेट, लांबून यंत्रात लॉगिन करायची जुनी पद्धत. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरला रात्री दोन वाजता अनोळखी पत्त्यांवर टेलनेटचं काहीही काम नसतं. पासवर्ड पाहिला तर कारखान्यातून आला तोच. २०१६ साली मिराय नावाच्या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या यंत्रांची टोळी) साठेक ठरलेल्या युजरनेम-पासवर्डच्या जोड्या वापरून लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते. तीच युक्ती आजही चालते, कारण ते पासवर्ड आजही कुणी बदलत नाही.

रेकॉर्डर पुसून नव्याने बसवला. पण माझी झोप उडाली ती दुसऱ्या गोष्टीने. ज्या नेटवर्कवर हा रेकॉर्डर होता, त्याच नेटवर्कवर अकाउंट्सचा सर्व्हर, पगाराची फाइल, सगळे प्रिंटर आणि पाहुण्यांचे मोबाइल होते. पत्त्यांचा एकच पट्टा, १९२.१६८.१.०/२४, २५४ पत्ते, सगळे व्हीलॅन १ मध्ये (व्हीलॅन म्हणजे त्याच वायरींवर पाडलेला नेटवर्कचा वेगळा भाग). मध्ये एकही भिंत नाही.

वरून सुचवलं गेलं की एआयवर चालणारं, धोका आपोआप ओळखणारं एखादं यंत्र घेऊ. मी विचारलं, आपल्या नेटवर्कला आत्ता काय काय जोडलेलं आहे? उत्तर कुणाकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. जे आपल्यालाच माहीत नाही त्यातलं वेगळं काय हे यंत्र कसं सांगणार? म्हणून आधी मोजणी, मग विभागणी, आणि खरेदीचं नंतर बघू असं ठरलं. शनिवार-रविवार माझे. अंदाज ४० तासांचा दिला.

आज फक्त मोजणी. स्विचमधली (उपकरणं जोडणारा डबा) मॅक टेबल (मॅक म्हणजे कारखान्यातून मिळालेला उपकरणाचा ओळखक्रमांक), एआरपी (कोणत्या पत्त्यामागे कोणता मॅक) आणि डीएचसीपीच्या लीज (आपोआप वाटलेले पत्ते), तिन्ही याद्या एकत्र केल्या. रजिस्टरमध्ये १३१ उपकरणं, नेटवर्कवर १८७. म्हणजे ५६ उपकरणं कुणाच्याच हिशोबात नाहीत. वेळ ८ तास.

रविवार, ११ जानेवारी

५६ पैकी ३१ मोबाइल निघाले. हे कळायला माझे दोन तास वाया गेले, म्हणून इथे लिहून ठेवतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी खोटा मॅक पत्ता वापरतात. तो ओळखायची सोपी खूण म्हणजे मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं. त्यामुळे कंपनीच्या नावावरून शोधायला गेलं तर काहीच सापडत नाही. मी मात्र ती यादी घेऊन उपकरण बनवणाऱ्यांची नावं शोधत बसलो होतो.

उरलेली २५ पायी फिरून शोधली. स्विचचा पोर्ट (इथे वायर लावायची खाच), त्यावरून पॅच पॅनलचा (भिंतीतल्या वायरींची टोकं जिथे येतात) नंबर, त्यावरून भिंतीवरचं सॉकेट, आणि सॉकेटपासून जमिनीवर बसून वायरचा माग. दुसऱ्या मजल्यावर फायलींच्या कपाटामागे पाच पोर्टचा एक साधा स्विच सापडला, धुळीने पांढरा झालेला, कपाटाच्या पायाखाली वायर चेपलेली. त्याच्यावर चार यंत्रं जोडलेली होती आणि त्या खोलीतले लोक वर्षानुवर्षं ‘इथलं नेट स्लो आहे’ म्हणत होते. स्विच बाजूला काढला, वायर बदलली, नेट सुधारलं. कोणत्याही डॅशबोर्डवर हे दिसलं नसतं.

२४ सापडली. एक राहिलं: १९२.१६८.१.७७. पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ या हाकेला, उत्तर देतं, पोर्ट २३ उघडं आहे, मॅकवरून फक्त एका नेटवर्क चिप बनवणाऱ्याचं नाव कळतं. वायर छतात जाते आणि तिथे इतर पंधरा वायरींच्या जुडग्यात दिसेनाशी होते. नोंद करून पुढे निघालो. वेळ ९ तास.

शनिवार, १७ जानेवारी

कागदावरचं काम. पहिल्या आराखड्यात १४ व्हीलॅन होते, प्रत्येक विभागाला एक. दुपारी फाडून टाकला. १४ भाग म्हणजे एकमेकांत बोलण्याच्या १८२ दिशा, आणि तितके नियम सांभाळायला इथे मी एकटा. अशा ठिकाणी शेवटी काय होतं हे मी आधी पाहिलं आहे. कंटाळून कुणीतरी ‘सगळ्यांना सगळं चालू’ असा एक नियम सर्वांत वर टाकतो आणि मग भाग नावालाच राहतात.

विभाग पाहून भाग पाडायचे नाहीत, उपकरणावर किती विश्वास ठेवता येतो ते पाहून पाडायचे, असं ठरवलं. सहा झाले: १० व्यवस्थापन, २० कर्मचारी, ३० सर्व्हर, ४० प्रिंटर आणि तत्सम डबे, ५० कॅमेरे, ६० पाहुणे. पत्ते १०.२०.१०.०, १०.२०.२०.० असे, म्हणजे तिसरा आकडा हाच व्हीलॅनचा नंबर. रात्री अकराला फोन आला आणि कुणी नुसता पत्ता सांगितला तरी उपकरण कुठे आहे ते कळलं पाहिजे. भागांमधली सगळी ये-जा फायरवॉलमधूनच होईल. वेळ ५ तास.

शनिवार, २४ जानेवारी

आजची चूक नीट वाचा, कारण ही चूक हमखास होते.

दुसऱ्या मजल्याच्या स्विचवर लांबून लॉगिन करून अपलिंकच्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहणारी मुख्य जोडणी) नवे व्हीलॅन चढवत होतो. पहिला व्हीलॅन घातला, ठीक. दुसरा घालताना ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन’ नंतर ‘ॲड’ हा शब्द राहिला. त्या एका शब्दावाचून ती कमांड यादीत भर घालत नाही, आधीची यादी पुसून नवी लिहिते. यादीत फक्त ४० उरला. माझं लॉगिन व्हीलॅन १ मधून होतं, ते जागच्या जागी गोठलं. पूर्ण मजला तुटला.

कॉन्फिगरेशन सेव्ह केलं नव्हतं, म्हणून स्विच बंद-चालू केला की जुनं परत येणार हे माहीत होतं. पण खोलीला कुलूप आणि किल्ली सुट्टीवर असलेल्या माणसाकडे. २ तास ४० मिनिटं गेली. मजला रिकामा होता, पण तेवढ्या वेळाचं त्या मजल्यावरच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग नाही. ते मी सोमवारी लेखी कळवणार आहे.

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास जगातून गायब झालं होतं, ते देखभालीच्या एका कमांडमुळे. दुरुस्तीसाठी लांबून आत शिरायचा रस्ता त्याच बंद पडलेल्या नेटवर्कवर अवलंबून होता. त्यांची माणसं डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जाईपर्यंत काही हललं नाही. फरक आकाराचा आहे, चुकीची जात तीच. ज्या फांदीवरून काम करतो ती कापताना दुसरी फांदी हाताशी हवी.

म्हणून आजपासून दोन गोष्टी. लांबून बदल करण्याआधी ‘रिलोड इन १०’ द्यायचं, म्हणजे मी तुटलो तर स्विच दहा मिनिटांत स्वतःच जुन्यावर येईल. सगळं नीट असेल तर ते रद्द करून मगच सेव्ह. जुनिपर कंपनीच्या यंत्रांवर यासाठी ‘कमिट कन्फर्म्ड’ आहे, ते याहून सोयीचं. आणि किल्लीची दुसरी प्रत माझ्याकडे. वेळ ७ तास.

शनिवार, ३१ जानेवारी

कर्मचाऱ्यांचे ८२ पीसी व्हीलॅन २० मध्ये हलवले. चालू केल्यावर सगळ्यांना १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते, म्हणजे डीएचसीपी सर्व्हर सापडलाच नाही. कारण साधं होतं. डीएचसीपीची पहिली हाक ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम) असते आणि ती व्हीलॅनच्या बाहेर जात नाही. फायरवॉलवर ती हाक पुढे पोचवणारा रिले चालू करायचा राहिला होता. केला, बहुतेक पीसी आले.

दहा-बारा मात्र येईनात, आणि यात चार तास गेले. वायर बदलली, पोर्ट बदलला, डीएचसीपी सर्व्हर पुन्हा चालू केला. काहीच होईना. शेवटी एका पीसीजवळ घड्याळ घेऊन बसलो. वायर लावली, दिवा नारिंगी. तीस सेकंदांनी हिरवा. तोवर पीसी पत्ता मागून मागून थकलेला. स्पॅनिंग ट्री (वायरींचा फेरा होऊ न देणारी व्यवस्था) नव्याने जोडलेला पोर्ट १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवते. जुन्या पोर्टांवर हा वेळ वगळणारं ‘पोर्टफास्ट’ आधीच्या माणसाने लावलेलं होतं, मी नव्याने बांधलेल्या पोर्टांवर नव्हतं. लावलं. सोबत बीपीडीयू गार्डही, म्हणजे कुणी टेबलाखाली स्वतःचा स्विच लावला तर तो पोर्ट बंद होईल.

हे बघताना आणखी एक सापडलं. नेटवर्कचा रूट ब्रिज (स्पॅनिंग ट्रीचं केंद्र) कोअर, म्हणजे मधला मुख्य, स्विच नव्हताच, स्टोअरमधला सगळ्यात जुना स्विच होता. सगळ्यांची प्रायॉरिटी मूळची ३२७६८ असेल तर ज्याचा मॅक पत्ता लहान तो रूट होतो, आणि लहान मॅक बहुधा जुन्या यंत्राचाच असतो. जो स्विच मी पुढच्या वर्षी भंगारात काढणार होतो, त्याच्याभोवती सगळं नेटवर्क फिरत होतं. कोअरला ४०९६ दिलं, कारण लहान आकडा जिंकतो. वेळ ११ तास.

शनिवार, ७ फेब्रुवारी

प्रिंटर. लोक प्रिंटर ‘शोधून’ जोडतात, आणि हा शोध २२४.०.०.२५१ या मल्टिकास्ट (एका गटाला एकदम हाक) पत्त्यावर चालतो. तोही व्हीलॅन ओलांडत नाही. त्यामुळे सकाळी सगळे प्रिंटर गायब. तो शोध पलीकडे पोचवणारा रिपीटर लावायचा विचार सोडून दिला, प्रिंट सर्व्हरवरून सगळ्यांना थेट पत्त्याने जोडून दिले. एकदाचं काम, आणि कोण काय छापतो याचा हिशोबही राहतो.

खरी डोकेदुखी मोठ्या स्कॅनरची. तो स्कॅन थेट सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकतो, आणि त्याला एसएमबीची (विंडोजची फायली वाटायची पद्धत) फक्त पहिली आवृत्ती येते. त्याच्या एकट्यासाठी आमच्या सर्व्हरवर ती आजवर चालू होती. मायक्रोसॉफ्टने या आवृत्तीतल्या भोकाचा पॅच १४ मार्च २०१७ ला दिला, वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस १२ मे २०१७ ला पसरला. मध्ये जवळजवळ दोन महिने होते, तरी जगभर हॉस्पिटलं आणि कारखाने बंद पडले. आमचा सर्व्हर पॅच केलेला आहे. पण एका स्कॅनरच्या सोयीसाठी इतकी जुनी खिडकी उघडी ठेवणं मला पटत नाही.

स्कॅनरला नवं फर्मवेअर नाही. शेवटी व्हीलॅन ४० मध्ये एक छोटा लिनक्स पीसी ठेवला. स्कॅनर त्याच्यावर एफटीपीने टाकतो, आणि सर्व्हर दर मिनिटाला तिथून फायली उचलतो. दिशा महत्त्वाची आहे. सर्व्हर बाहेर हात घालून घेतो, स्कॅनरच्या बाजूने सर्व्हरकडे कुणीही स्वतःहून येऊ शकत नाही. मग सर्व्हरवरची पहिली आवृत्ती कायमची बंद केली. वेळ ९ तास.

सोमवार, ९ फेब्रुवारी

सकाळी साडेनऊ ते साडेअकरा २३ फोन. अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, “सर, आधी बटण दाबलं की फाइल समोर यायची. आता मी दोनदा स्कॅन केलं, तिसऱ्यांदा केलं, आणि मग तिन्ही एकदम आल्या.” त्यांचं खरं होतं. एक मिनिट थांबावं लागतं हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. उचलण्याचा वेळ दहा सेकंदांवर आणला आणि स्कॅनरवर चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठी शुक्रवारीच लावायला हवी होती.

मोठी चूक वेगळीच. हजेरीच्या यंत्रात सर्व्हरचा जुना पत्ता हाताने भरलेला होता. शनिवारपासून हजेरी यंत्रातच साठत राहिली. नशिबाने यंत्राची मेमरी पुरली आणि काही गमावलं नाही. हे यंत्र माझ्या यादीत होतं, पण ते कुणाशी बोलतं हा रकानाच मी केला नव्हता. तुम्ही करत असाल तर यादीत तो रकाना पहिल्या दिवशी घाला, आणि तो भरायला माणसांना विचारा. वेळ ६ तास.

शनिवार, १४ फेब्रुवारी

कॅमेरे व्हीलॅन ५० मध्ये. बाहेरच्या इंटरनेटला पूर्ण बंद, आत फक्त रेकॉर्डर. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, पासवर्ड मॅनेजरमध्ये.

संध्याकाळी लक्षात आलं की बाहेरचं बंद केल्यावर कॅमेऱ्यांना वेळही मिळत नाही. घड्याळ हळूहळू सरकणार, आणि ज्या दिवशी रेकॉर्डिंग पुराव्यासाठी लागेल त्या दिवशी त्यावरची वेळ चुकीची असणार. फायरवॉललाच एनटीपी (वेळ देणारा) सर्व्हर केलं, पोर्ट १२३ तेवढं उघडलं.

कॅमेरे बसवणाऱ्याचा आग्रह होता की मोबाइलवर बघण्यासाठी बाहेरून पोर्ट उघडून द्या, ‘सगळीकडे असंच करतात’. नाही दिलं. ज्यांना बघायचं आहे त्यांनी व्हीपीएनने (बाहेरून आत यायचा सुरक्षित बोगदा) यावं. सगळीकडे असंच करतात म्हणूनच रेकॉर्डर रात्री टेलनेट ठोठावत बसतात. वेळ ८ तास.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

व्हीपीएनचं प्रमाणपत्र (सर्व्हरची ओळख पटवणारी डिजिटल फाइल) रात्री बारा वाजता संपलं. आठवण माझ्या कॅलेंडरमध्ये होती, मी प्रकल्पाच्या घाईत ती पुढे ढकलली होती. सकाळी बाहेरून काम करणारे सगळे अडकले. नूतनीकरण आता स्क्रिप्टवर टाकलं. १५ मार्च २०२६ पासून सार्वजनिक प्रमाणपत्रं जास्तीत जास्त २०० दिवसांची, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवसांची आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांची असणार आहेत. कॅलेंडरवर विसंबून हे काम चालवण्याचे दिवस गेले. हा बदल मला मनापासून पटतो, चोरीला गेलेली किल्ली जितके कमी दिवस चालेल तितकं बरं. वेळ २ तास.

शनिवार-रविवार, २१-२२ फेब्रुवारी

फायरवॉलचे नियम. आठवडाभर आधी भागांमध्ये सगळं चालू ठेवून फक्त लॉग गोळा केला होता. मग लॉग वाचून, लागतं तेवढंच उघडं ठेवून बाकी बंद. अंदाजाने नियम लिहिण्यापेक्षा हा रस्ता फार बरा. प्रत्येक नियमाला नाव, तारीख आणि कुणी मागितला ते. ४१ नियम झाले. वेळ १४ तास.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

सोमवारपासून व्हीपीएनवाल्यांची तक्रार: मेल येतो, लहान फाइल उघडते, मोठी फाइल अर्ध्यावर लटकते. काल दिवसभर मी इंटरनेट पुरवठादाराकडे बोट दाखवत होतो. दोष माझाच होता. रविवारी मी सर्वांत वर ‘आयसीएमपी बंद’ असा नियम घातला होता (आयसीएमपी म्हणजे नेटवर्कचे निरोप नेणारी पद्धत, पिंगही त्यातलंच), पिंग बंद म्हणजे सुरक्षित या जुन्या समजुतीने. व्हीपीएनच्या बोगद्यातून पूर्ण आकाराचं पाकीट जात नाही, तेव्हा व्हीपीएनचं यंत्र सर्व्हरला ‘पाकीट लहान कर’ असा निरोप आयसीएमपीनेच पाठवतं. तो निरोप मी दारातच अडवत होतो, आणि सर्व्हर तीच मोठी पाकिटं पुन्हा पुन्हा पाठवत होता. तो निरोप (प्रकार ३, कोड ४) मोकळा केला, पाच मिनिटांत सगळं सुरळीत. शोधायला १० तास.

शनिवार, २८ फेब्रुवारी

ॲडमिनची खाती वेगळी केली, सगळ्यांना दुहेरी पडताळणी लावली, आणि दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती काढून टाकली. शेवटच्यावर वाद झाला. अमेरिकेच्या निस्टने (मानकं ठरवणारी सरकारी संस्था) २०१७ मध्येच सांगितलं आहे की ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका, पासवर्ड फुटल्याची शंका आली की बदला. सक्ती केली की लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात. मी टेबलांवरच्या चिठ्ठ्यांवर ते पाहिलं आहे.

पुन्हा एकदा त्या एआयवाल्या यंत्राचा विषय निघाला, या वेळी ‘झिरो ट्रस्ट’ या नावाने. हा शब्द २०१० पासून चर्चेत आहे आणि त्यातला विचार मला मान्य आहे: आत आहे म्हणून विश्वास ठेवू नका. पण ती कामाची पद्धत आहे, खोक्यात भरून मिळत नाही. सुरक्षेचं सॉफ्टवेअरही सॉफ्टवेअरच असतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर आणली. ते साधन वाईट आहे असं मी म्हणत नाही. यंत्राच्या गाभ्यात काय बसवतो आणि त्याचे अपडेट एकदम सगळीकडे जातात का, हे विचारल्याशिवाय घेऊ नये, एवढंच बैठकीत मांडलं.

एआयचा मी वापर केला, तेही लिहितो. नियमांची यादी तपासायला दिली तर दोन नियम एकमेकांना झाकतायत हे त्याने बरोबर दाखवलं. पण एका ठिकाणी त्याने दिलेली कमांड दुसऱ्याच कंपनीच्या स्विचची होती. वाचून घेतलं म्हणून वाचलं. कॉन्फिगरेशन देताना पासवर्ड, हॅश आणि बाहेरचे पत्ते आधी काढून टाका. वेळ ६ तास.

शनिवार, ७ मार्च

परत उभं करण्याचा सराव. जास्तीचा एक स्विच घेतला आणि कोअर मेला असं धरून त्याचं कॉन्फिगरेशन बॅकअपमधून चढवायला गेलो. फाइल आहे, तारीख कालची, आकार शून्य. तिच्या मागच्याही शून्य. २२ फेब्रुवारीपासूनच्या सगळ्या. माझ्याच नव्या नियमाने व्यवस्थापनाच्या भागातून बॅकअप सर्व्हरकडे जाणारा रस्ता बंद झाला होता. स्क्रिप्ट रोज रिकामी फाइल तयार करून ‘झालं’ असा मेल पाठवत होती आणि मी तो मेल रोज वाचत होतो. आता स्क्रिप्ट फाइलचा आकार आणि शेवटची ओळ तपासते, आणि जमलं नाही तरच मेल करते. वेळ ७ तास.

शनिवार, १४ मार्च

व्हीलॅन १ रिकामा झाला. म्हणजे एक सोडून सगळं बाहेर पडलं: १९२.१६८.१.७७. जुडग्यातून वायर शोधण्यापेक्षा सोपा मार्ग आता होता. त्याचा पोर्ट बंद केला आणि वाट पाहिली. दुपारपर्यंत कुणाचाही फोन नाही. मग पॅच पॅनलच्या टोकाला टोनर (वायरीत आवाज सोडणारं साधन) लावला आणि प्रोब घेऊन छताखालून आवाजाच्या मागे चालत गेलो. आवाज विजेच्या खोलीत पोचला आणि यूपीएसच्या पाठीमागे थांबला. नेटवर्क कार्ड. टेलनेटने जोडलो, कारखान्याचा पासवर्ड चालला. मेनूमध्ये चौथा पर्याय होता: आउटपुट बंद करा.

हा यूपीएस सर्व्हरच्या पूर्ण रॅकला वीज देतो. डिसेंबरमध्ये रेकॉर्डर ज्या नेटवर्कवर बिघडलेला होता, त्याच नेटवर्कवर, त्याच पोर्ट २३ वर हे कार्ड उघडं होतं.

पासवर्ड बदलला. या कार्डावर टेलनेट बंद करता येत नाही, म्हणून व्हीलॅन १० मध्ये टाकून फक्त माझ्या एका पीसीला वाट दिली. आजचे ६ धरून एकूण १०८ तास झाले, ४० च्या अंदाजावर. कार्डावर लेबल चिकटवलं, रजिस्टरमध्ये ओळ भरली: यूपीएस कार्ड, विजेची खोली, १०.२०.१०.१५, बोलतं फक्त व्यवस्थापन पीसीशी, नवं कार्ड मागवायचं आहे.